हुरड्याला जा, चपटीला नको

वाचकाचं पत्र

ताई, माझं वय 53. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खत-बियाण्याचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं तंबाखू-चुना खाल्ला, मधे काही वर्षं गुटखाही. शनिवारी मित्रांत बसायचो, दारूची एक चपटी व्हायची. सव्वादोन वर्षांपूर्वी डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, मग तीस शेक, म्हणजे रेडिएशन, आणि दर आठवड्याला केमो. आता तपासणीत सगळं साफ आहे. तंबाखू तेव्हापासून बंद, दारूही बंद. पायाला मुंग्या येतात, त्याची रात्रीची गोळी तेवढी चालू आहे.

पुढच्या महिन्यात मित्राच्या शेतात हुरडा आहे आणि माघात लेकीचं लग्न. व्याही मोकळ्या मनाचे आहेत, ‘एक तरी घ्यावी लागंल’ म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर ‘टाळा’ म्हणाले, तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. एक मित्र म्हणतो वाइन चालते, दुसरा म्हणतो ब्रँडीनं कफ सुटतो. खरं सांगायचं तर रात्री झोप येत नाही. तपासणीची तारीख जवळ आली की जीव घाबरा होतो, तेव्हा वाटतं एक पेग घेतला तर काय बिघडंल? बायकोजवळ हे बोललो, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. महिन्यातून एकदा, एकच पेग. चालेल का नाही, सरळ सांगा. आणि घरात दशमूलारिष्टाची बाटली असते, ते घेतलं तर?

उत्तर

भाऊ,

सरळ उत्तर मागितलंत, ते आधी देते. घेऊ नका. महिन्यातून एकदाही नको, लेकीच्या लग्नातही नको. वाइन नको, ब्रँडीही नको.

एवढंच लिहून थांबले तर त्या डॉक्टरांच्या ‘टाळा’पेक्षा जास्त तुमच्या हाती काय पडलं? ते बोलले ते बरोबरच होतं. आपल्याकडच्या ओपीडीत कारणं समजावून सांगायला सवड मिळत नाही, आणि कारण न कळता पाळलेलं पथ्य पहिल्याच लग्नात मोडतं. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून माझी उमेदीची वर्षं मराठवाड्यातच गेली. तोंडाचा कॅन्सर बरा होऊन घरी गेलेली कितीतरी माणसं मी पुढं वर्षानुवर्षं पाहिली. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या गालातली गाठ काढली. पण ती ज्या अस्तरातून उगवली, ते तोंडाचं आणि घशाचं अस्तर तेच आहे. वीस वर्षं ज्या चुन्या-तंबाखूनं एक जागा बिघडवली, त्याचा रस बाकीच्या जागांवरूनही रोज फिरलाच होता. तुम्ही शेतकऱ्यांत वावरणारे, हरळी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. वरची उपटली, रान साफ दिसायला लागलं, तरी मुळ्या कुठवर गेल्यात ते पुढच्या पावसातच कळतं. 1953 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोंडाच्या कॅन्सरचे शेकडो नमुने तपासले. गाठीच्या आजूबाजूचं, डोळ्यांना चांगलं दिसणारं अस्तरही आतून बदललेलं असतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. जुना कॅन्सर उलटायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. ती दोन वर्षं तुम्ही पार केलीत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच अस्तरात दुसरीकडे नवा कॅन्सर उगवण्याची भीती दोन वर्षांनी संपत नाही. जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळीकडे ती पुढं बरीच वर्षं राहते. तुमच्यासारख्या माणसात ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते.

आता दारू तिथं काय करते ते ऐका. दारूतल्या अल्कोहोलचं शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं. लोकांना वाटतं हे सगळं लिव्हरमध्ये होतं. लिव्हरमध्ये होतंच, पण थोडं तोंडातही होतं, कारण तोंडातले जंतू घोट गिळायच्या आधीच ते काम सुरू करतात. हे विष पेशीच्या डीएनएला इजा करतं आणि झालेली इजा दुरुस्त होऊ देत नाही. शिवाय अल्कोहोलमुळे अस्तर असं सैल पडतं की तंबाखूतली विषं सहज आत शिरतात. म्हणून तंबाखू आणि दारू दोन्ही घेणाऱ्याचा धोका नुसत्या बेरजेनं वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लिआँ शहरात आहे. तिनं 1988 सालीच दारूला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि सुपारीही त्याच गटात आहेत. त्या गटात असणं म्हणजे पुरावा पक्का असणं. सगळ्यांचा धोका सारखाच, असा त्याचा अर्थ नाही. पण दारूबद्दल शंकेला जागा उरलेली नाही, एवढं नक्की. 2023च्या जानेवारीत त्याच जागतिक संघटनेनं स्पष्ट सांगितलं की कॅन्सरच्या बाबतीत दारूचं ‘इतकं चालेल’ असं कुठलंही प्रमाण ठरवता येत नाही.

वाइनची गोष्ट यातच मिटते. विष अल्कोहोलचं आहे, रंगाचं आणि किमतीचं नाही. हिशेब तुम्हाला येतोच, करून बघा. साठ मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. 180 मिलीच्या चपटीत साधारण 60 ग्रॅम. बियरची 650 मिलीची मोठी बाटली साधी असली तर 25 ग्रॅमच्या आसपास, आणि आठ टक्क्यांची स्ट्राँग असली तर चाळीस. म्हणजे ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणारा माणूस स्ट्राँगच्या एका बाटलीत दोन पेग पिऊन उठलेला असतो. देशी असो, विदेशी असो, द्राक्षाची असो, गालाच्या आतल्या कातडीला त्यातला फरक कळत नाही. भारतातल्या पुरुषांच्या गालाच्या कॅन्सरवर टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी अभ्यास केला, त्यातही देशी आणि विदेशी दोन्ही घेणाऱ्यांत धोका वाढलेला दिसला, आणि थोडी घेणारेही त्यातून सुटले नाहीत.

ब्रँडीनं कफ सुटतो, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तुमचा कफ सर्दीचा नाही, भाऊ. शेक घेताना लाळेच्या ग्रंथी भाजल्या जातात, लाळ कमी आणि चिकट होते, आणि ती घशात दाटून बसते. ब्रँडी घसा जाळते, माणूस खाकरतो, आणि त्याला वाटतं कफ सुटला. प्रत्यक्षात तोंड आणखी कोरडं पडतं. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा, पाण्याची बाटली सतत जवळ ठेवा. चव काहीच नाही, पण उपयोग खरा आहे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. एका पेगनं तुमचा कॅन्सर परत येईल, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल, आणि खोटी भीती घालून राखलेलं पथ्य टिकत नाही. एखादा माणूस एकदा पितो, त्याला काही होत नाही, आणि मग डॉक्टरांचं सगळंच खोटं असं त्याला वाटायला लागतं. धोका साठत जातो. मला तुमच्या एका पेगची भीती वाटत नाही, त्याच्यासोबत काय येतं त्याची वाटते.

काय येतं? पुडी येते. तोंडाचा कॅन्सर बरा झालेल्या माणसाच्या हातात पुडी परत कधी गेली, हे विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘बसलो होतो मित्रांत.’ कोरड्या दिवशी, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना, शेजारी कुणी चुना मळत असला तरी माणूस मन आवरतो. दोन घोट पोटात गेल्यावर ते आवरणं सुटतं. समोरचा मळतोय, तुमचं बोट आपोआप त्याच्या तळहाताकडे जातं, ‘आज एकदाच’. वीस वर्षांची सवय दोन वर्षांत मेलेली नसते, ती झोपलेली असते, आणि तिला उठवायला दारूसारखं दुसरं काही नाही. 2012 पासून राज्यात गुटखाबंदी आहे, पण पुडी कुठं मिळते ते गावात कोणाला माहीत नाही? तंबाखू सोडून तुम्ही जे मिळवलंत, ते तुमच्या आजवरच्या सगळ्या पथ्यांत सगळ्यात मोलाचं आहे. त्याला धक्का लागेल असं काही करू नका. दारूला मी ‘नको’ म्हणते त्याचं निम्मं कारण हे आहे, आणि माझ्या मते हेच जास्त वजनाचं निम्मं आहे.

आता तुमच्या आजच्या शरीराबद्दल. पूर्वी चपटी पचवायचात तो माणूस वेगळा होता. लाळ ही तोंडाची राखण करते, ती कमी झाली की दात किडतात, आणि दारू तोंड आणखी कोरडं करते. दात किडला तर तो काढणंही सोपं नाही, कारण शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्ताचा पुरवठा कमी असतो. असा दात घाईनं काढला तर जखम भरत नाही, हाड सडायला लागतं. हा धोका आयुष्यभर राहतो, आणि दारू-तंबाखूनं तो वाढतो. म्हणून गावातल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मला शेक दिलेत’ हे आधी सांगायचं, आणि दात काढायची वेळ आली तर ज्यांनी शेक दिले त्यांना विचारल्याशिवाय काढू द्यायचा नाही. चूळ भरायला दुकानातून माउथवॉश आणत असाल तर तो बिनअल्कोहोलचाच घ्या.

गिळण्याचंही तसंच. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जेवताना ठसका लागतो का? पाणी पिताना खोकला येतो का? ऑपरेशन आणि शेक यांच्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्यासारखं राहत नाही, घास किंवा पाणी थोडं श्वासनलिकेत जातं. जागेपणी ठसका लागून ते बाहेर पडतं. पेग घेतल्यावर तो ठसकाच मंदावतो, वर उलटी झाली तर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. कॅन्सरमधून वाचलेला माणूस अशा न्यूमोनियात गेला की फार वाईट वाटतं, कारण ते टळण्यासारखं असतं.

पायाच्या मुंग्या बहुधा केमोनं आलेल्या. त्या औषधानं हातापायांच्या नसा दुखावतात, काहींना कमी ऐकू येतं, किडनीवरही ताण पडतो. दारू नसांना तसंच दुखावते, म्हणजे मुंग्या वाढणार. तुमच्या रात्रीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. मुंग्यांसाठी देतात त्या बऱ्याच गोळ्या गुंगीच्या असतात, दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्याही. त्यांच्यावर दारू म्हणजे गुंगीवर गुंगी, श्वासही मंदावू शकतो. तोंडाला जंतुसंसर्ग झाला म्हणून कधी मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर दारूसोबत उलट्या, धडधड, अंगाची आग असा त्रास होऊ शकतो. डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉल घेणारे तर घराघरांत आहेत, आणि पिणाऱ्याच्या लिव्हरला तीही जड जाते.

पत्रात तुम्ही झोपेचं लिहिलंत, ते मी सगळ्यात आधी वाचलं असं समजा. माझा कयास असा की तुमचा खरा प्रश्न हुरड्याचा आणि व्याह्यांचा नाही, रात्रीचा आहे. तपासणीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस या आजारातून उठलेल्या बहुतेक सगळ्यांना असेच जातात. मान चाचपून बघायची, आरशात तोंड उघडून बघायचं, जिभेनं टाक्याची जागा शोधायची. यात भित्रेपणा काही नाही. पण पेगनं लागणारी झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. माणूस तीन वाजता डोळे उघडून पडतो आणि भीती दुप्पट होते. मग दुसऱ्या दिवशी दीड पेग लागतो. एकट्यानं, घरी, झोपेसाठी घेतलेला पेग मित्रांतल्या पेगपेक्षा जास्त घातक, कारण तो कोणाला दिसत नाही आणि रोजचा व्हायला वेळ लागत नाही.

दोन कामं करा. पुढच्या तपासणीच्या वेळी थायरॉइडची रक्तचाचणी, टीएसएच, झाली आहे का ते विचारा. मानेला शेक घेतलेल्या पुष्कळ जणांची थायरॉइड पुढं काही वर्षांत मंदावते. अंग जड, मन उदास, काही नको वाटणं, हे सगळं त्यानंही होतं, आणि त्याला साधी गोळी आहे. ही चाचणी सहा महिने-वर्षातून एकदा व्हायला हवी. दुसरं म्हणजे झोप येत नाही, जीव घाबरा होतो, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ‘बरं आहे’ म्हणून उठू नका. पुढचा पेशंट आत आला तरी बसून राहा, तो दोन मिनिटं थांबेल. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी नंबरावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता हुरडा. जा, अगदी जा. कॅन्सरनं माणसाच्या जिभेची चव जाते, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं, आणि हळूहळू तो चारचौघांत जाणंच सोडतो. ते मला दारूइतकंच वाईट वाटतं. दर शनिवारी तुम्हाला जी ओढ लागायची, ती चपटीची किती आणि त्या चार माणसांची किती, हे एकदा स्वतःला विचारा. माणसं सोडायची गरज नाही. फक्त तुमच्या तोंडाला कोरडा हुरडा जाणार नाही, लाळेशिवाय तो घशात अडकतो. दह्यात कालवून, वर तूप सोडून, थोडा थोडा खा. चटणी लांब ठेवा. प्यायला पातळ ताक घ्या, मिरची न घातलेलं, फार आंबट नसलेलं. येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, आंबीलही तशीच सौम्य करून घेतली तर चालते. कोल्ड्रिंक मात्र हातात धरू नका, त्यातली साखर आणि आम्ल तुमच्या दातांना परवडणार नाही. आणि शक्यतो दिवसाच्या हुरड्याला जा, अंधार पडायच्या आत निघा. बाटल्या उघडतात त्या अंधार पडल्यावर, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नाही कसं म्हणायचं, तेही ठरवून जा. ‘सध्या नको’, ‘आज नको’, ‘गोळ्या चालू आहेत’ असं म्हटलं की समोरचा पुढच्या खेपेला पुन्हा विचारतो आणि तुम्हाला पुन्हा नवं कारण शोधावं लागतं. ‘मी सोडली’ एवढंच म्हणा आणि ताकाचा पेला उचला. त्या कंपूतला एक मित्र असा असेलच जो शेकाच्या दिवसांत तुम्हाला घेऊन जायचा, दवाखान्याच्या पायरीवर बसायचा. त्याला आधी फोन करा. त्याला सांगा, कोणी आग्रह केला तर तू बोल, आणि माझ्याशेजारी बसून पुडी काढू देऊ नको. असा एक माणूस बाजूला असला की बाकीच्यांचा आग्रह दोन मिनिटांत संपतो.

व्याह्यांचा प्रश्न मला त्याहून सोपा वाटतो. ते ‘घ्यावी लागंल’ म्हणतात ते प्रेमानं, सोयरीक पक्की व्हावी म्हणून. त्यांना तुमच्या आजाराची पूर्ण माहिती आहे का? की लग्न मोडेल या धास्तीनं तुम्ही ‘दाढेचं ऑपरेशन झालं’ एवढंच सांगितलंय? तसं असेल तर ते आजच मोकळं करा. कॅन्सर लागत नाही, आणि तुमचा तंबाखूनं झालेला आजार लेकीच्या संसारात उतरणार नाही. माहिती असेल तर मुलीच्या मामाला किंवा घरातल्या थोरल्याला लग्नाच्या आधी त्यांच्या कानावर घालू द्या, ‘आमचे दाजी आता घेत नाहीत, त्यांना आग्रह करू नका.’ ऐन वेळी चारचौघांत नाही म्हटलं तर त्यांना मान राखला नाही असं वाटेल. आधी कळलं तर उलट ते स्वतःच दुसऱ्यांना आवरतील.

आणि तुमची बायको दोन दिवस का बोलली नाही, ते तुम्हाला खरंच कळलं नाही का? तुमच्या ऑपरेशननंतर नाकातल्या नळीतून गाळलेली पेज कोणी घातली, रात्री कोण जागलं, दुकान कोणी सांभाळलं, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी अशा बायका वॉर्डात पाहिलेल्या आहेत. त्यांना त्यांच्या आजारपणाची सुट्टी मिळत नाही. ‘एक पेग घेतला तर काय बिघडंल’ हे तुम्ही सहज म्हणालात, तिनं ऐकलं ते ‘पुन्हा सगळं पहिल्यापासून’ असं. तिला सांगा की मला झोप येत नाही, मला भीती वाटते. पेगबद्दल नंतर बोला, आधी हे बोला. बहुधा तिलाही झोप येत नसेल.

समजा एवढं वाचूनही लग्नाच्या रात्री घोट घेतलाच, तर? तर लपवू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. ते ओरडतील फार तर. पण लपवलं तर त्यांचं औषधाचं गणित चुकेल. एकदा मोडलं म्हणजे सगळं गेलं, असं मानून पुढचा शनिवार सुरू करू नका. 2023च्या शेवटी त्याच लिआँच्या संस्थेनं जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की दारू कमी केली किंवा सोडली तर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका खाली येतो, याला पुरेसा पुरावा आहे. तेव्हा थांबण्याला कुठल्याही टप्प्यावर अर्थ आहे.

इथं तुमच्याखेरीज वाचणाऱ्या काहींसाठी एक सूचना, कारण ती जिवाची आहे. तुम्ही भाऊ दोन वर्षं पीत नाही, तुम्हाला ही लागू नाही. पण कोणी रोज पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, पहिला घोट घेतल्याशिवाय काम होत नसेल, तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवून, औषधांच्या आधारानं सोडा. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी नंबर आहे. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा बऱ्याच शहरांत फुकट चालतात. कॅन्सरचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर रोजची दारू किती आहे ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं सांगाच, नाहीतर ऑपरेशननंतर वॉर्डात तिसऱ्या दिवशी हा गोंधळ होतो.

तपासणीची तारीख चुकवू नका. लग्नाच्या धावपळीत येत असेल तर आधी जाऊन या, पुढं ढकलू नका. आणि तारखेची वाट न बघता लगेच जायचं ते यासाठी: तीन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत नवी गाठ, बसलेला आवाज, एका बाजूचा कान दुखणं, थुंकीत रक्त, घास अडकणं, किंवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं. शेवटचं तुमचं तुम्हीच बघू शकता. आज उभी बोटं किती मावतात ते बघून लिहून ठेवा आणि तोंड उघडायचा व्यायाम दिला असेल तर तो सोडू नका.

राहिलं दशमूलारिष्ट. आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, आणि बाटलीवरच्या लेबलवर ते टक्क्यांत छापलेलं असतं. दोन चमच्यांत ते पेगाच्या मानानं थोडंच. तरीही रोज दोन वेळा, कोरड्या तोंडात, तुमच्यासाठी ते मला पटत नाही. घरात जी बाटली आहे ती ज्यांच्यासाठी आणली त्यांनी घ्यावी. तुम्हाला भूक लागत नाही किंवा अंगात ताकद नाही म्हणून ते हवं असेल, तर वैद्यांना तुमच्या आजाराचं आणि शेकाचं सांगा आणि काढा किंवा चूर्ण असं बिनअल्कोहोलचं काही आहे का ते विचारा. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, म्हणून दुकानदाराकडून घेताना तेवढं वाचून घ्या. आणि तुमच्या रात्रीच्या गोळीचं पाकीट, घरातल्या बाकी बाटल्या, सगळं एका पिशवीत घालून तपासणीला न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

तुमची,
डॉक्टरताई